भुवयांना आवाज नसतो

...नाही, पण मला एक सांगा, भुवयांना आवाज असतो का हो? नसतो ना? मग हे एवढं साधं मला आधी का नाही सुचलं?

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल ही सिनापाती उगाच कावतेय! माझा कपड्यांवरचा ब्लॉग होता. होता म्हणजे, नुसती धुगधुगी होती. सहा वर्षं मी एकच करत होते, नवी पुलेतासी घालायची, वर लांब झगा, खाली लुंगी, चर्चला निघतो तसा जोड, आणि नारळाला टेकून फोटो! वाचक किती? चौदा! त्यातली एक आमची तिलोमाई मावशी, तीसुद्धा फक्त चुका काढायला यायची. एकदा म्हणाली, "अगं सिना, सहा वर्षं तुलाच बघतोय आम्ही! त्या नारळाचाही जीव विटला असेल. घालणारीला काय विचारायचंय? करणारीला विचार की!"

झोंबलं हो! पण खरं होतं. ठरवलं, आता ब्लॉगवर माझं तोंड बंद, डिझायनरांच्या मुलाखती चालू. हे जमलं तर जमलं, नाहीतर ब्लॉगला कुलूप! आणि पहिली मुलाखत थेट वाइओलाबाईंची! बाई म्हणजे लाकडाच्या फळीवर स्वतः नक्षी कोरतात, रंग लावतात, कापडावर ठसा उमटवतात. त्यांचा नीरफणसाच्या पानाचा ठसा गावातल्या एका दुकानाने ढापला, ढीगभर कपडे विकले, आणि बाईंचं नाव? कुठेच नाही! बाईंनी आजवर ब्र काढला नव्हता, आता माझ्याजवळ बोलणार होत्या.

शनिवारी गेले, फोनवर रेकॉर्डिंग लावलं. चाळीस मिनिटं काय गप्पा रंगल्या म्हणून सांगू! रविवारी पाद्रीबाबांनी प्रार्थनेनंतर जाहीरच करून टाकलं, "उद्या सगळ्यांनी सिनापातीचा ब्लॉग वाचा!" झालं, आता माघार नाही. दुपारी जेवून घर आडवं झालं, मी फोन कानाला लावला... माझा आवाज, "बाई, हा ठसा तुमचाच ना?" पुढे? कोंबडी! "दुकानाने न विचारता घेतला?" शिलाई मशीन, खडखडखड. "राग आला असेल?" परत कोंबडी! अख्ख्या मुलाखतीत बाईंपेक्षा कोंबडी जास्त बोलली!

अहो, बाईंनी उत्तरं दिली होती! एकूण एक! भुवया उडवून! आमच्या बेटावर 'हो' म्हणायला तोंड कोण उघडतं? दुकानदार विचारतो, "दोन पाव?" की उडवल्या भुवया. समोर बसून मला सगळं लख्ख ऐकू आलं होतं! पण भुवयांना आवाज असतो का हो?

धावत गेले. बाई पंख्याने वारा घेत बसलेल्या. "बाई, जरा शब्दांत सांगता?"

"अजून काय सांगू? काल सगळं सांगितलं की! घसा सुकला माझा."

घसा!

"पण बाई, फोनला ऐकूच आलं नाही..."

"मग तुझं यंत्र बहिरं, त्यात माझा काय गं दोष?"

घ्या! काय करणार? बसले आणि जसंच्या तसं लिहिलं. ठसा तुमचाच? 'दोन्ही भुवया वर.' न विचारता घेतला? 'भुवया वर, आणि बराच वेळ वरच.' राग आला? 'भुवया इतक्या वर की कपाळ संपलं.' मधेमधे कोंबडीही लिहिली, बिचारीने एवढे कष्ट घेतले होते!

आणि मंगळवारी... अहो, ऑकलंड, सिडनी, आमची माणसं जिथे जिथे जाऊन राहिलीत तिथून निरोपांवर निरोप! कुणी म्हणे, "ही तर माझी आई!" कुणी म्हणे, "बसमध्ये वाचताना मीच भुवया उडवत होतो, शेजारची बाई उठून गेली!" चौदाचे चौदा हजार झाले वाचक! रडले हो मी, सरळ भोकाड पसरलं. शुक्रवारी त्या दुकानाच्या काचेवर पाटी लागली, 'नक्षी वाइओलाबाईंची.' हाताला धरून नेलं बाईंना पाटी दाखवायला. त्या कितीतरी वेळ बघत उभ्या. म्हटलं, "बाई, झाला आनंद?" काय केलं असेल त्यांनी? सांगायला हवं का?

आता डिझायनरांची माझ्या दारात रांग! पण एक माणूस तोंड उघडेल तर शपथ! "आम्हालाही भुवयाच हव्यात." आणि मावशी, जिला तिला सांगते, "अक्कल माझी होती!"

आणि गेल्या आठवड्यात मला रेडिओवर बोलावलं. मला! थेट प्रक्षेपण! गेले तोऱ्यात, म्हटलं, आज दाखवतेच सगळ्यांना, मुलाखत कशी द्यायची असते ती. निवेदक गोड आवाजात विचारतो, "काय सिनापाती, एवढं यश मिळालं, खूश ना?"

...

आता काय सांगू तुम्हाला! दहा सेकंद अख्ख्या बेटावर शांतता... आणि घरी आमची मावशी रेडिओला थपडा मारतेय, "मेल्याची बॅटरी गेली वाटतं!"