बाहुल्यांचे दुकान वाढवण्याबाबत

नाव: बाहुलीमावशी. खरे नाव तक्रारीत आहे, पण त्या नावाने कोणी हाक मारली तर मी वळूनही बघत नाही. वय: एकसष्ट. धंदा: नाट्यगृहाच्या कार्यशाळेत बाहुल्या घडवणे. राहणार: नाट्यगृहामागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावरचा मजला.

पोलीस चौकीत समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. परदेशातल्या कलावंतांनी आपल्याकडच्या संस्थांमध्ये काही महिने राहून काम करावे, अशी एक योजना आहे. त्या योजनेतून आमच्या नाट्यगृहात एक पाहुणी आली. तिकडे तिचे कामही बाहुल्यांचेच. तिची राहण्याची सोय माझ्या घरी केली गेली. मला आधी कोणी विचारले नाही. विचारले असते तर मी नाही म्हटले असते आणि माझेच नुकसान झाले असते, हेही लिहून घ्यावे.

पाहुणी मराठी माझ्याकडूनच शिकली, थोडी कार्यशाळेत आणि थोडी स्वयंपाकघरात. त्यामुळे तिने एकदा नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना "मेल्या, चहा गार होतोय" असे म्हटले. मी बाहुल्यांशी तशीच बोलते, आणि तिला ते लाडाचे वाटले. त्यात तिचा दोष नाही.

तिच्या हाताला वळण आहे. लाकूड घासता घासता थांबते, त्यावर बोट फिरवते आणि माझ्याकडे बघते. मी मान हलवली की पुढे जाते. संध्याकाळी माझ्या गुडघ्याला तेल चोळून देते. मी नको म्हणते, ती ऐकत नाही. मला तिचा लळा लागला आहे. याचा तक्रारीशी संबंध नाही, असे हवालदार म्हणाले. आहे.

गेल्या आठवड्यात व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितले की, या हंगामानंतर कार्यशाळा बंद, बाहुल्या यापुढे तयारच मागवायच्या. मी वाद घातला नाही. घरी आले. पाहुणीने विचारले, "मावशी, काय झालं?" मी म्हणाले, "काय व्हायचंय? दुकान वाढवायचं आता."

बंद हा शब्द तोंडातून काढवत नाही, म्हणून आपण दुकान वाढवले म्हणतो. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतो. हे मी तिला कधी सांगितले नव्हते. तिला आवाज वाढव आणि गॅस वाढव एवढेच ठाऊक. तिने टाळ्या पिटल्या आणि मला मिठी मारली. मला वाटले, पोरीला काळीजच नाही. मी अबोला धरला.

दुसऱ्या दिवशी तिने चाचरत विचारले, "मावशी, जागा?" मी म्हणाले, "आता कुठली आलीय जागा!" त्यानंतर आमचे बोलणे झाले नाही. त्या एका उत्तरावर ती गावभर जागा शोधत हिंडली, हे मला आज कळले.

आज सकाळी व्यवस्थापकांनी कार्यशाळा उघडली तेव्हा आत भुसा तेवढा होता. बाहुल्या, पटाशा, रंधा, रंगांचे डबे, सगळे गेलेले. पाहुणीही मी उठायच्या आत घरातून निघालेली. "गेली ना घेऊन तुमची लाडकी!" असे ते मला म्हणाले आणि त्यांनी येथे चोरीची तक्रार दिली. तिला योजनेतून काढून परत धाडावे, असेही त्यांनी तक्रारीत म्हटले आहे. मी कार्यशाळेच्या पायरीवर बसून राहिले. बाहुल्या गेल्याचे वाईट वाटले. ती न सांगता गेली, याचे जास्त वाटले.

त्यानंतर ती कोपऱ्यावरच्या वाचनालयात असल्याचे हवालदारांना समजले. मी त्यांच्यासोबत तेथे गेले. वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत सगळे सामान मांडलेले होते. काल सुट्टीच्या दिवशी तिने ते हातगाडीवरून नेले. कार्यशाळेची किल्ली तिच्याकडे असते, ती मीच दिली आहे. माझे बैठे स्टूल तिने खिडकीशी ठेवले होते आणि त्याला उशी बांधून ते उंच केले होते, म्हणजे मला गुडघा दुमडावा लागू नये.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "तुम्हीच पाठवलंत ना हिला? मावशी दुकान वाढवतायत, जागा हवी, म्हणून सांगत आली. मी म्हटलं, वाढवा की! खोली नाहीतरी धूळ खात पडलीय."

पाहुणीचे हात सरसाने माखलेले होते. मला दारात बघून ती म्हणाली, "मावशी, आज नको होतं यायला. भिंत रंगवायची राहिलीय."

सामान कोणाच्या सांगण्यावरून हलवले, असे हवालदारांनी विचारले. माझ्या. कार्यशाळेतले काय कुठे ठेवायचे ते आजवर मीच ठरवत आले आहे. "मावशी, खरंच तुम्ही सांगितलं होतं?" असे त्यांनी पुन्हा विचारले. सांगितले होते. शब्द माझेच आहेत, तिने पदरचा एकही घातलेला नाही. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. तिला परत पाठवायचे असेल तर आधी माझ्याशी बोलावे. व्यवस्थापकांना बाहुल्या हव्या असतील तर त्यांनी वाचनालयाचा जिना चढून यावे. मेल्याला चहाही मिळेल.

येथवरचा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. पाहुणी माझ्या शेजारच्या बाकावर बसून ऐकत होती. दुकान वाढवणे म्हणजे काय, ते तिला तेव्हाच पहिल्यांदा कळले. तिचा चेहरा उतरला. माझा हात धरून तिने विचारले, "म्हणजे मी चुकीचं ऐकलं?"

मी तिला सांगितले, "नाही गं. तू बरोबर ऐकलंस. मीच चुकीचं बोलले होते."

हे शेवटचेही जबाबात घ्यावे. मी सांगितले तसेच लिहिले आहे व ते बरोबर आहे.