पूर्णपणे सहमत

दातांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई आणि त्यांची लेक बसल्या होत्या.

“मी वर्गात वाटलेल्या प्रश्नावलीत ‘विज्ञानाचा तास कंटाळवाणा वाटतो’ यापुढे ‘पूर्णपणे सहमत’वर खूण तूच केलीस ना?”

“आई, त्यावर नावं लिहायची नव्हती!”

“माझ्या वर्गात जांभळी शाई आणखी कोण वापरतं गं?”

“तूच म्हणालीस, मनातलं खरं सांगा.”

“म्हटलं खरं! पण इतकं कंटाळवाणं आहे, तर पडलेला दात लिंबाच्या रसात बुडवून सारखी बघत काय बसतेस?”

“अगं, तो मऊ पडतोय! बारीक बुडबुडे येतात.”

“अगंबाई! मग उद्या वर्गात आण की.”

“नको.”

“का गं?”

“मग त्याचाही तास होईल.”