काळचोराचं तेरावं रूप

नाही, पण मला सांगा, एकाला बारा चेहरे द्यायचे आणि दुसऱ्याला एक हनुवटी, हा काय न्याय झाला? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी त्या चित्रकथांच्या मासिकात नायक काढतोय. तोच झगा, तीच छाती, तीच चौकोनी हनुवटी! आणि शेजारच्या टेबलावर कोण? माझा साडू! त्याच्याकडे खलनायक. काळचोर! मागच्या काळात जातो, पुढच्या काळात जातो, दर खेपेला नवं नाव, नवा वेष... कधी मुकुटवाला राजा, कधी दाढीवाला ज्योतिषी, कधी तीन हजार सालचा डॉक्टर! आम्ही मारतो हो त्याला, दर अंकात मारतो, पण हा इकडे मरून पडतोय तोवर तिकडे मागच्या दारानं दुसऱ्याच सालातून हजर! आणि माझा नायक? उभा. हनुवटी वर करून. जळत नाही मी, नुसतं सांगतोय.

बरं, ऑफिसचा नियम काय, तर काळचोराचं रूप कुठलंही असो, म्हातारं, तान्हं, बाईचं, ते साडूच्याच टेबलावर जाणार. पान आधी माझ्याकडे, नायक काढला की त्याच्याकडे, आणि शेवटी परत माझ्याकडे... कशाला? तर संवादांचे फुगे भरायला! का, तर म्हणे माझं अक्षर चांगलं! म्हणजे त्याच्या खलनायकाची टाळ्यांची वाक्यं मी माझ्या हातानं, वळणदार लिहायची. आणि माझा नायक काय बोलतो? "थांब, दुष्टा!" बावीस वर्षं! अहो, थांबलाय का तो एकदा तरी?

घरचं तर विचारूच नका. बायको म्हणते, "भावजींनी काय सुंदर मुकुट काढलाय, नाही?" म्हटलं, मुकुटाला काय लागतं, हनुवटी काढून दाखव म्हणावं! आणि मुलगी... पोटची मुलगी हो! खोलीत बारा पोस्टर, बाराही काळचोराची! म्हटलं, बेटा, ती एक भिंत रिकामी आहे. तर म्हणते, "बाबा, ती तेराव्या रूपासाठी ठेवलीये." जळत नाही मी, नुसतं सांगतोय.

मग आला अडीचशेवा अंक. शेवटचं पान. लेखकानं काळचोराला वाक्य दिलं, "कितीदा मारशील मला? प्रत्येक काळात मीच आहे!" मी फुगा काढला, वाक्य लिहिलं, राहिली ती शेपटी. फुग्याची हो, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जाते ती! तुम्हाला सांगतो, हात थांबला. म्हटलं, आयुष्यात एकदा माझ्या नायकाच्या तोंडी चांगलं वाक्य पडलं तर काय आभाळ कोसळणार आहे? आणि वळवली शेपटी नायकाकडे! एवढीशी! पेनाचा एक फटकारा! तसंच छापून आलं.

आठवड्यात पत्रांची पोती! काय लिहिलंय? "वा! म्हणजे नायक हाच काळचोर! तेरावं रूप!" अहो, नाही! पण ऐकतो कोण? संपादक नाचत आले ते थेट साडूच्या गळ्यात, "सुचलं कसं हो तुम्हाला?" आणि हा पठ्ठ्या चष्मा पुसत म्हणतो, "सुचतं आपलं." मी तोंड उघडलं... पण सांगणार काय? लेखकाचं वाक्य मी पळवलं म्हणून? नोकरी जायची! बसलो पुढचे फुगे भरत.

आणि मग तो नियम! कुठलंही रूप साडूच्या टेबलावर! शिपाई आला, माझ्या नायकाचे बावीस वर्षांचे कागद उचलले आणि तीन पावलांवर नेऊन ठेवले. वर साडू विचारतो, "ही हनुवटी नेमकी कशी काढता हो?" दाखवली! हाताला धरून दाखवली!

घरी गेलो तर त्या रिकाम्या भिंतीवर माझा नायक! मी काढलेला! मुलगी म्हणते, "बाबा, हा सगळ्यात भारी!" डोळे भरले हो. म्हटलं, दे इकडे, सही करतो. तर म्हणते, "तुमची नको... काकांची आणा ना."

नेलं पोस्टर दुसऱ्या दिवशी. साडूनं पाहिलं, पेन उचललं, परत ठेवलं. म्हणतो, "माझं अक्षर म्हणजे मुंग्या. तुमचं चांगलं आहे, तुम्हीच करा ना माझी सही."

केली. वळणदार. खाली शेपटीसकट... जळत नाही मी, नुसतं सांगतोय.