काडीवरची कोंबडी

परवा आमच्या नागावच्या होमस्टेवर काय गोंधळ झाला, सांगते. पुण्यात शिकणाऱ्या दोन मुली आल्या होत्या, एक इराणची, एक जपानची. त्यांना काड्यांना लावून भाजलेली कोंबडी हवी होती.

आमचा आरुष दोन वर्षांचा. घास खाईल तर शपथ, पण हाताला लागेल ते घेऊन पळतो. टोकदार काडी डोळ्यात गेली तर? म्हणून मी तुकडे काढूनच ताटात वाढले.

इराणची खूश. मोडक्या हिंदीत म्हणाली, "भाभी, आमच्याकडे असंच काढून रोटीत धरून खातात."

जपानची ताटाकडे बघतच राहिली. "काडी कुठे? आमच्याकडे काडीवरूनच खातात."

बरोबर कोणाचं, मला कळेना. सासूबाई म्हणाल्या, "दे गो तिला काडी, उपाशी उठेल पोर."

दिली. तिने टोक मोडलं, तुकडा ओवला आणि काडी सरळ आरुषच्या हातात दिली. मी काडी काढून घ्यायला धावले. पोराने मात्र तुकडा गपकन खाल्ला.

आता त्याला वरणभातही काडीवर लागतो. तो कसा लावायचा, ते दोघींपैकी कोणीच सांगून गेली नाही.