ओढ आणि कळ

या निरोपाच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या ट्रस्टचे चालक माननीय हितेशभाई, व्यासपीठ भूषवणाऱ्या प्रमुख पाहुण्या आदरणीय हंसाबेन, ज्यांना निरोप देणं जिवावर आलंय त्या आपल्या फिजिओथेरपिस्ट डॉक्टर भाविकाताई, आणि समोर कुणी कमरेला पट्टा बांधून, कुणी काठी खुर्चीला टेकवून, कुणी एक पाय लांब करून बसलेल्या माझ्या समस्त सहरुग्ण बंधू-भगिनींनो!

हितेशभाईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. आता बोईसर-तारापूर पट्ट्यात बारसं असो, सत्कार असो की शोकसभा असो, कृष्णकांत चुरी पाच मिनिटांत खाली बसला असं कुणी पाहिलंय का? नाही ना? तेव्हा हितेशभाई, घड्याळ जरा उलटं करून ठेवा. आज मला बोलायचंय, आणि खरं सांगायचं तर बोलवत नाहीये. तीस वर्षं एमआयडीसीतल्या कापडाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं, पण माईक समोर आला की कधी मागे सरलो नाही. आज सरावंसं वाटतंय.

तीन वर्षांपूर्वी हे केंद्र उघडलं तेव्हा आमची समजूत काय होती ठाऊक आहे? ही बाई मालिश करणार! माझा घोटा मुरगळला होता. मी हळदीचा गरम लेप थापून पंधरा दिवस खाटेवर पडून होतो, सूज जाईना. मग इथे आलो आणि ताईंना विचारलं, "तेल आम्ही आणायचं की तुमचं असतं?" त्या हसल्या नाहीत हो. म्हणाल्या, "काका, तेल घरी ठेवा, पाय इथे ठेवा." मुरगळल्यावर पहिले दोन-तीन दिवस बर्फ, आधार, पाय उंचावर, आणि मग हळूहळू हलवायचं, भार द्यायचा, हे मला त्या दिवशी कळलं. पडून राहिलं की स्नायू झिजतो, सांधा गंजतो. मग त्यांनी मला भिंतीला बोट लावून एका पायावर उभं केलं. सकाळी दात घासताना रोज. अहो, शाळेत ही शिक्षा होती, सत्तरीत औषध झालं! महिन्याभरात वाडीतल्या पाण्याच्या पाटावरून उडी मारून गेलो, तेव्हा घरातून ओरडा खाल्ला तो वेगळा.

मुरबे गावच्या मासळीवाल्या भगिनी इथे बसल्या आहेत. डोक्यावर टोपल्या वाहून त्यांच्या माना धरल्या होत्या. सरावलीच्या चाळीतले लोडिंगचे भाऊ आले आहेत. "मॅडम, कमर गया" म्हणत वाकडे होऊन यायचे. ताईंनी त्यांना गोळ्या दिल्या नाहीत. ओझं छातीशी कसं धरायचं, गुडघ्यातून कसं उठायचं, पोट-पाठ बळकट कशी करायची, ते शिकवलं. तेच भाऊ आज या हॉलमधल्या खुर्च्या उचलून लावताना मी पाहिले, आणि काय ऐटीत लावत होते!

पण या सगळ्या शिकवणीच्या मुळाशी ताईंचे दोन शब्द आहेत. इथे आलेल्या प्रत्येकाने ते ऐकले आहेत. ओढ आणि कळ. आखडलेला सांधा ताणला की ओढ लागते. ती लागलीच पाहिजे, ओढ लागली की धरून ठेवायचं. आणि सुरी खुपसल्यासारखी कळ आली की लगेच सोडायचं. ओढीला घाबरायचं नाही, कळ अंगावर काढायची नाही. ऐकायला किती सोपं! माझं सगळं याच दोन शब्दांत फसलं.

त्या तिथे खांबाजवळ बुधा आणि बायडी बसले आहेत, मनोरकडच्या पाड्यावरचे. बुधा ताडावरून पडला, गुडघ्याला प्लास्टर होतं, ते निघालं तर गुडघा दुमडेचना. शेतात उकिडवं बसल्याशिवाय त्यांचं एक काम होत नाही. ताईंनी बायडीला शिकवलं, गुडघा दुमडत न्यायचा, अडला की वीस मोजेपर्यंत धरायचा. बायडी म्हणाली, "मला मोजता येत नाय, बाय. पन आमच्या पाड्यावर वीस घरां हायेत. मी घरां घेते." आणि खरोखर घेऊ लागली! गुडघा धरायचा आणि पाड्याच्या तोंडापासून एकेक घराचं नाव घेत जायचं. बुधा शिव्या घालतोय, खाट हादरतेय, ही आपली घरं घेतेय. एकदा मी शेजारच्या खाटेवर होतो. बुधा कळवळून म्हणाला, "तो पानीवाल्याचा घर सोड गं, त्याशी आपला भांडण हाय!" बायडी म्हणाली, "भांडण हाय म्हनून त्याचा घर उठला काय?" आणि घेतलं ते घर! आज बुधा उकिडवा बसतो. टाळ्या वाजवा की, लाजता काय?

आम्ही सगळे तेव्हा हसलो होतो. मीसुद्धा. आणि घरी मी काय करत होतो?

माझी पत्नी जयवंती तिसऱ्या रांगेत बसली आहे. जयवंती, पदर तोंडावर घेऊ नको, मी बोलणारच आहे. येताना रिक्षात मला म्हणाली, "सगळा नका बोलू हा. थोडा बोला." पण थोडं बोलून भागणार नाही. दिवाळीनंतर ही बादली पालथी घालून तिच्यावर चढली आणि आकडी लावलेल्या काठीने शेवग्याच्या शेंगा काढायला गेली. बादली सटकली. उजव्या खांद्याजवळ हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. हाड छान जुळलं, पण खांदा आखडून बसला. मग ताईंकडे आलो. ताईंनी समजावलं, "काका, सांध्याभोवती एक पिशवी असते, हात बांधून ठेवला की ती चिकटते. पहिले दोन-तीन महिने ती ऐकते. नंतर हट्टी होते." आठवड्यातून दोनदा इथे यायचं आणि घरी रोज तीन वेळा मी करायचं. हिला उताणी झोपवायची, कोपर आणि मनगट धरायचं, हात डोक्याकडे न्यायचा, अडला की ओढ लागेल तिथे वीसपर्यंत धरायचा. शिवाय दाराला दोरी आणि कप्पी बांधून दिली, तिचं तिने करायला.

पहिल्या संध्याकाळी मी हात धरला. मोजायला लागलो. बारावर ही म्हणाली, "अवो, नको वो." दोन बाळंतपणांत या बाईने तोंडातून हूं काढला नव्हता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि माझे हात सुटले. मंडळी, ती ओढ होती की कळ होती? मला कळलंच नाही. तिच्या तोंडाकडे बघितलं की मला सगळी कळच दिसायची. मी उठलो, चहा ठेवला. म्हटलं, उद्या करू. दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत गेलो. तिसऱ्या दिवशी हात धरलाच नाही. दोरी ओढताना तिचं तोंड वाकडं झालेलं दिसलं की मी म्हणायचो, राहू दे आज. मला वाटायचं, मी बायकोची माया करतोय.

आणि इथे आलो की ताई विचारायच्या, "काका, झालं का रोज?" मी म्हणायचो, "झालं."

सात आठवडे! सात आठवडे मी "झालं" म्हणत होतो. ही शेजारी बसून गप्प. नवरा चारचौघांत खोटा पडू नये म्हणून गप्प. हिला वरचा डबा काढता येत नव्हता, दोरीवर कपडे टाकता येत नव्हते, केस बांधता येत नव्हते. केस मी बांधायचो. आयुष्यभर गाठोडी बांधलेला माणूस मी, माझ्या हातचा अंबाडा कसा असणार? चिंचणीला एका लग्नात बायका तो बघून हसल्या. ही त्यांना म्हणाली, "आमच्या ह्यांनी बांधलाय, तुमच्या ह्यांना येतो काय?" मला काय अभिमान वाटला होता तेव्हा! बांधायला शिकलो, पण तिचा हात तिच्या डोक्यापर्यंत न्यायचा होता तो नेला नाही.

इकडे ताई चक्रावल्या. इथल्या खाटेवर हात जेवढा वर न्यायच्या तेवढा दोन दिवसांत परत खाली. त्यांनी एक्स-रे पुन्हा काढायला लावला. मुंबईतल्या आपल्या सरांना आमच्यासमोर फोन लावला. म्हणाल्या, "सर, माझ्याच हाताचं काहीतरी चुकतंय, मला सापडत नाहीये." आणि मी, माझ्यासारखा बोलका माणूस, तिथे स्टुलावर तोंड शिवून बसलो होतो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला. तरी बोललो नाही.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तर ते आमच्या घरातलं पाप होतं. पण आमच्या तारापूरकडच्या चार बायका, कुणाचा खांदा, कुणाचा गुडघा, इथे यायच्या थांबल्या. का? "चुरी वहिनींचा हात बघा, दीड महिना झाला, जातात, आहे तसाच आहे. त्या बाईंच्या हाताला गुण नाही." हे मी माझ्या कानांनी, आमच्याच ओट्यावर ऐकलं. म्हणून आज हा माईक मागून घेतला. इथे जे कुणी तसं ऐकून असतील, किंवा तसं बोलले असतील, त्यांनी नीट ऐका. त्या हाताला गुण होता. गुण येऊ दिला नाही तो मी.

गेल्या आठवड्यात ताईंनी सांगितलं, यजमानांची गुजरातेत बदली झाली, मी जाते. नवीन कुणी अजून मिळालेलं नाही. हितेशभाईंनी तीनदा जाहिरात दिली, त्यांचा काही दोष नाही. ताई मला म्हणाल्या, "आता सगळं तुमच्यावर, काका. एकदा मला करून दाखवा." मी हिचा हात धरला. माझे हात कुठे लागले, कसे लागले, ते बघून त्यांनी एका क्षणात सगळं ओळखलं. विचारलं, "किती दिवसांपासून होत नाहीये?" म्हटलं, "पहिल्या दिवसापासून." त्या स्टुलावर बसल्या. स्वतःच्या तळहातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माझे हात ठीक आहेत." एवढंच. रागावल्या असत्या, चार शब्द सुनावले असते तर मी ऐकून घेतले असते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या जरा हसल्याही. 

मी विचारलं, आता हात वर जाईल का? त्या खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, "अजून थोडा जाईल. पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही." म्हटलं, पालघरला दुसरीकडे नेतो. म्हणाल्या, "न्या, नक्की न्या. पण तिथेही आठवड्यातून दोनदाच होईल. रोज ओढणारे हात तुमचेच लागतील." त्या दिवसापासून रोज करतोय. ही म्हणते, "आता सोडू नका, मी ओरडले तरी सोडू नका." काल चौदापर्यंत पोचलो. चौदावर ही गप्प होती, ओठ दाबून गप्प, आणि मी सोडलं. सोडू नका म्हणाली होती, तरी सोडलं. बायडीबाई, तुमच्याकडे शिकवणी लावली तर घ्याल का हो मला? हसताय तुम्ही. मी थट्टा करत नाहीये.

ताई, तुमच्या नव्या गावी तुम्हाला पेशंट खूप मिळोत, आणि माझ्यासारखा नातेवाईक एकही न मिळो. ट्रस्टने मला बोलू दिलं, हितेशभाईंनी घड्याळाकडे पाहिलं पण घंटा वाजवली नाही, सभेने शांतपणे ऐकलं, सगळ्यांचे आभार. बोलताना कुणाचं नाव मागे-पुढे झालं असेल, शब्द जास्त-कमी झाला असेल, तर तो आपण पोटात घालावा. बाकी जे चुकलं ते पोटात घाला असं म्हणायचा मला हक्क नाही, म्हणून म्हणत नाही.

आता पत्रिकेप्रमाणे भाविकाताईंना हार. तो अध्यक्षांच्या हस्ते होता, पण हितेशभाईंनी मोठ्या मनाने तो मान जयवंतीला दिला आहे. मी तिला म्हटलं, हातात दे. तर म्हणते, हातात नाही, गळ्यातच घालणार. ये गं, सावकाश ये, पायरी आहे तिथे. ताई, उठू नका, तुम्ही उंच आहात. हिचा हात खांद्याच्या वर जात नाही. खुर्चीतच बसा आणि मान जरा खाली घाला. खरं तर ती मी घालायची, पण आज तुम्हालाच घालावी लागते आहे.