केमच्या गाईचा नमुना

यंत्र खोटं बोलत नाही म्हणता ना, मग ऐका. शहात्तर सालच्या आसपास मी सोलापूरला दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत होतो. कास सुजलेल्या गाईच्या दुधात पेशी वाढतात. त्या आम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक मोजायचो. मग आपोआप मोजणारं यंत्र आलं. त्याच्या चाचणीसाठी केम गावच्या गजराबाईंना सांगितलं, "तुमच्या आजारी गाईचं दूध रोज सकाळच्या गाडीनं पाठवा. आकडा बघून औषध देऊ."

आठ दिवस यंत्र म्हणालं, पेशी कमी. मी डोळे फोडून मोजल्या, तरी कमीच. आमचे साहेब खूश! "दोन्ही आकडे जुळले, यंत्र पास. गाय आपोआप बरी झाली, औषध नको."

ही गोड बातमी सांगायला मीच केमला गेलो. गाईच्या कासेला हात लावला, तर नुसता दगड. चारपैकी तीन सड कायमचे गेले होते.

"बाई, दूध कुठल्या गाईचं पाठवत होता?"

"धाकल्या गाईचं की. हिच्या दुदात गाठी, रगत. असलं घाण दूध सायबाच्या नव्या मशिनीत घालायचं व्हय?"

यंत्र पास झाल्याचा अहवाल कधीच पुण्याला गेला होता.

बाई म्हणाल्या, "आट दिस चांगलं दूध दिलं, सायेब. आता तरी हिचं औषद द्या की."