चांदणीला मोकळी किती वेळ सोडायची

...नाय, पण तुमी मला सांगा, एक घोडी दिसातून किती तास मोकळी सोडायची, हा काय मीटिंग घ्यायचा इषय हाय? खुर्च्या मांडून? आमच्या लोधिवलीत विहिरीची मीटिंग झाली तेव्हा सगळा गाव उभा होता हो, नि इथं एका घोडीपायी वेताच्या चार खुर्च्या, टेबलावर चादर, बशीत बिस्किटं... आणि त्या मीटिंगला बोलावलं कोणाला? पोशाला. गवत कापणाऱ्या पोशाला. मी हेड मोतद्दार, गजा, सोळा वर्षं ह्या हातांनी घोड्यांची लीद काढली, खरारा केला, मला बोलावलं ते बरोबर हाय. पण पोशाला कशाला? आता मी जळत नाय हां. माझा तो स्वभावच नाय. मी आपलं झालं ते सांगतो.

तुमी पनवेलवरनं चौककडं जाताना हायवेला पांढरं कुंपण बघितलं असंल, तो आमच्या शेठचा घोड्यांचा फार्म. शेठ मुंबईला, दर रविवारी ॲम्बेसडरमधनं येतात, घोड्यांना लांबनं बघतात नि जातात, कारण घोडा जवळ आला की त्यांना शिंका येतात. बाकीचे सहा दिस मेजर साहेब. पलटण सोडून धा वर्षं झाली, पण अजून आंघोळीला जाताना पण डावा-उजवा करत जातात. आणि मग मी. म्हणजे खरा फार्म मीच चालवतो, पण ते जाऊ द्या.

चांदणी म्हणजे आमची घोडी, अडीच वर्षांची, कपाळावर पांढरा ठिपका. कागदावर तिचं नाव इंग्रजी हाय, शेठच्या मुलीनं ठेवलेलं, ते घ्यायला गेलं की जीभ दाताखाली येते, म्हणून मी चांदणी म्हणतो. जन्मली तेव्हा आईनं जवळ घेतली नाय. लाथ मारली सरळ. डॉक्टर म्हणाले जगली तर जगली. मग मी बाटलीनं दूध पाजलं, दर दोन तासांनी, तीन आठवडे, तिच्या खोलीतच पोतं टाकून पडायचो. आमची गोदा जेवण घेऊन यायची नि दारात उभी राहून म्हणायची, "आपल्या दोन पोरी झाल्या, त्यांच्या वेळी कधी कूस पण बदलली नाय तुमी." आता हिला काय सांगणार? पोरींना आई होती ना.

तर अशी माझी चांदणी. माझा पाय वाजला की दारावरनं मान बाहेर काढायची, खिशात तोंड घालायची, गुळाचा खडा घेतल्याबिगर सोडायची नाय. चारचौघांत खिसा फाडलाय तिनं माझा. मला काय राग आला? छाती फुगली.

आणि मग आला हा पोशा. डोंगराखालच्या वाडीवरचा. गवत कापायला ठेवला होता त्याला, गवत. अंगानं काटकुळा, बोलायला लावला तर दिसाला चार शब्द, नि संगती कायम एक शेळी. मंगळी नाव तिचं. एका पायानं लंगडी, म्हणून त्याची बायको भागी म्हणायची, हिला डोंगरात नको नेऊ, तुझ्यासंगं फार्मवर ने. म्हणजे मजा बघा, शेठच्या फार्मवर अरबी रक्ताचे घोडे, नि मधी ही लंगडी शेळी कुंपणाखालनं ये-जा करणार. मी मेजर साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "गजा, शी इज ऑन लाइट ड्यूटी."

आता चांदणीला सकाळी कुरणात सोडायचो, दुपारपर्यंत. साहेबलोक त्याला पॅडक म्हणतात, आमी कुरणच म्हणतो. तिथं पोशा गवत कापत असायचा. एक दिस काय झालं, आत घ्यायची वेळ झाली, मी फाटकावर उभा राहून हाक मारली, "चांदणे, ये गं." तिनं कान हलवला. एक कान. तो पण माशी बसली म्हणून हलवला असंल. परत हाक मारली. मान पण वर नाय. आणि ह्या पोशानं काय करावं? एक पान तोडलं, ओठांत धरलं नि वाजवलं. पी... पी पी... आणि माझी चांदणी, माझ्या हाताचं दूध पिऊन मोठी झालेली चांदणी, शेपूट वर करून, चौखूर, थेट त्याच्याकडं.

मी जळलो नाय हां. मी फक्त घरी येऊन जेवलो नाय. भूक नव्हती.

दुसऱ्या दिशी पोशा यायच्या आधी मी कुरणात गेलो, तसंच पान तोडलं, इकडंतिकडं बघितलं, वाजवलं. पहिल्यांदा नुसती थुंकी उडाली. मग गाल फुगवून जोरात वाजवलं, आवाज झाला, चांगला मोठा झाला, नि शेजारच्या बांधावरनं धाऊची रेडी आली. धावत. कुंपण वाकवलं तिनं. मागनं धाऊ, "गजादादा, तुमी हिला कशाला बोलावताय?" आता काय सांगू धाऊला? म्हणलं, दात कोरत होतो.

तेव्हा मला समजलं, की ही घोडी तबेल्यात माझी हाय, नि कुरणात त्याची. म्हणजे सोपं गणित झालं की नाय? कुरणातला वेळ कमी करा, घोडी माझी जास्त.

आणि नेमकी तेव्हाच ती मीटिंग. शेठना कोणीतरी क्लबात सांगितलं होतं, की घोडी बांधून ठेवू नका, मोकळी ठेवा, विलायतेत तसंच करतात. म्हणून पुण्यावरनं घोड्यांचे डॉक्टर आले. डॉक्टर म्हणाले, "मूव्हमेंट पाहिजे, मूव्हमेंट. कमीत कमी सहा तास." मेजर साहेब म्हणाले, "आमच्या रेजिमेंटमध्ये एक तास फिरवायचे, लगाम धरून, त्याच्यावर एक मिनिट नाही." शेठ म्हणाले, "अरे पण एवढा तबेला बांधला, वर पंखे लावले, तर त्याच्यात ऱ्हाणार कोण? मी?" आणि मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सोळा वर्षांचा अनुभव. मी हात मागं बांधले नि म्हणलं, साहेब, दोन तास. जास्त सोडली की ओलं गवत खाऊन पोट फुगतं, दगडावर खूर फुटतो, माथेरानच्या घोडेवाल्यांना इचारा, ते घोडा हातातनं सोडतात का? हे शेवटचं मी काय असंच ठोकून दिलं. माथेरानला घोडा माणसं वाहतो, आमच्याकडं माणसं घोडा वाहतात, त्याचा ह्याच्याशी काय संबंध? पण सगळ्यांनी माना हलवल्या. मग शेठ म्हणाले, "ते गवतवाल्याला पण विचारा." पोशा दाराशी उभा होता, मंगळीची दोरी हातात. त्यानं थोडा इचार केला नि म्हणाला, "तिला इचारा."

एवढंच. तिला इचारा. घोडीला इचारा. सगळे हसले, मी सगळ्यांत जास्त हसलो, नि दोन तास ठरले. आठ ते धा.

आता दोन तास पण मला जास्तच वाटायला लागले. सामानाच्या खोलीतल्या घड्याळाला चावी द्यायचं काम माझंच. तर मी काय केलं, चावी देता देता काटा पंधरा मिनिटं पुढं सरकवला. सोडायची खऱ्या आठाला, पण खरे धा वाजायच्या आधीच मी रुळाचा तुकडा बडवायचो, ठण ठण ठण, चला, आणा आत. फार्म सगळा पंधरा मिनिटं पुढं गेला. सगळे लवकर जेवले, सगळे लवकर घरी गेले. मेजर साहेब तर म्हणायला लागले, "हा आकाशवाणीवाला हल्ली रोज लेट येतो." आणि पोशा? पोशा जाग्यावरनं हलला नाय. म्हणाला, "अजून झाला नाय, दादा. सावली खांबावर आली नाय." आता मी घड्याळ सरकवलं, सावली कशी सरकवू?

पण दोन तर दोन. बाकीचे बावीस तास माझे होते. मी खूश. गूळ घेऊन जायचो, खरारा करायचो, गप्पा मारायचो. पंधरा दिस गेले नि चांदणी डोलायला लागली. दारात उभी राहून ह्या पायावरनं त्या पायावर, ह्या पायावरनं त्या पायावर. मला वाटलं, बघा, कशी खुशीत डोलते, मला बघून. मग दाराची फळी कुरतडायला लागली. पार निम्मी फळी खाल्ली. मग गूळ पुढं केला तर तोंड फिरवलं. गूळ, हो. बरगड्या दिसायला लागल्या. मी कोंडा बदलला, पाणी बदललं, दृष्ट काढली, मिरच्या उतरल्या, सगळा तबेला शिंकला.

त्या दुपारी गोदा भाकरी घेऊन आली. दारात थांबली, बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली नि म्हणाली, "हिला कोंडलीत तुमी."

मी म्हणलं, "गोदे, तुला घोड्यातलं काय समजतं गं?"

म्हणाली, "घोड्यातलं नाय समजत. पण मला वर्षाला दोन दिस कडावला माहेरी सोडता नि तिसऱ्या दिशी सकाळच्या पहिल्या यष्टीनं न्यायला येता. आई म्हणते, जावयाचा काय जीव हाय बघ माझ्या पोरीवर. तो जीव नाय हो. तुमाला भ्या वाटतं, मी तिकडं जास्त हसंन."

भाकरी ठेवली नि गेली. चांदणी डोलत होती, ह्या पायावरनं त्या पायावर. मी तिच्या मानेवर हात ठेवला तर हाताखालनं मान पण डोलत राहिली. मी हाय का नाय, तिला फरकच पडत नव्हता. तिथंच बसलो पोत्यावर. बाटलीनं पाजून जगवली ती काय अशी झुरवायला?

उठलो, सरळ मेजर साहेबांकडं. म्हणलं, साहेब, चूक माझी. घोडीचं पोट फुगत नव्हतं, माझं फुगलं होतं. तिला दिसभर सोडा. घड्याळाचं पण सांगून टाकलं. साहेबांनी रेडिओकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे आकाशवाणी बरोबर होती?" म्हणलं, व्हय साहेब. म्हणाले, "मी त्यांना पत्र लिहिलंय, गजा."

दुसऱ्या दिशी उजाडल्यावर मी स्वतः फाटक उघडलं. चांदणी थांबली, वास घेतला, नि सुटली. कुरणाला तीन फेऱ्या मारल्या, लोळली, उठली, परत पळाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुळीचं असंल. तिकडनं पोशा आला नि पान वाजवलं, पी... पी पी... मी मान खाली घातली. म्हणलं जा बाई, जा त्याच्याकडं, नशीब माझं.

तर चांदणी आली चौखूर, पोशाच्या शेजारनं गेली सरळ, त्याच्याकडं बघितलं पण नाय, नि मागं मंगळी येत होती लंगडत, तिच्या पाठीवर मान टाकून उभी राहिली. डोळे मिटून.

मी पोशाकडं बघितलं. म्हणलं, "हे काय रं?"

म्हणाला, "मी शेळीला बोलावतो, दादा. शेळी येते. शेळी आली की ही येते." मग खाली बघत म्हणाला, "मला पण वाटायचं, माझ्यासाठी येते. भागीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं मी. मधी एकदा शेळी घरी ठेवली, तर तासभर पान वाजवलं. ओठ फाटले. फिरकली नाय."

चार शब्दांचा माणूस, माझ्याशी एवढा बोलला. कुंपणावर सरकून मी त्याला जागा करून दिली. दोघं बसलो. तमाखू मळली त्यानं, निम्मी मला दिली.

मागल्या रविवारी परत मीटिंग झाली. परत खुर्च्या, परत बिस्किटं. चांदणी भरली होती अंगानं, दाराची नवी फळी शाबूत होती. शेठनी शिंक आवरत इचारलं, "मग आता किती तास नक्की करायचे?" मी नि पोशानं एकमेकांकडं बघितलं नि दोघं संगतीच म्हणालो, तिला इचारा. नि बोट दाखवलं शेळीकडं. कारण खरं तेच हाय. मंगळी ऊन लागलं की उठते, तबेल्याकडं चालायला लागते, मागनं चांदणी. मंगळी परत निघाली की परत चांदणी. घड्याळाला मी आता चावी पण देत नाय. मेजर साहेबांनी वहीत लिहिलंय, "शेळीच्या सोयीनुसार."

गोदा कडावला गेली. पाचवा दिस हाय आज. मी न्यायला गेलो नाय. तिकडं हसत असंल, हसू दे... सहाव्या दिशी जावं का सातव्या, एवढंच जरा मनात हाय.

मी आपला सकाळी गूळ घेऊन कुरणात जातो. दोन खडे. आता मी जळत नाय हां... म्हणजे जळतो. जळतो हो, लंगड्या शेळीवर जळतो, झालं समाधान? पण करणार काय? पहिला खडा मंगळीला देतो. तिनं खाल्ला, नि तिची मर्जी असली, तर मग चांदणी माझ्या हातचा खाते.